कॅच कॅनच्या नावाखाली १२,००० ला टोपी

मागच्या पावसाळ्यात एका गॅरेजवाल्यानं मला व्यवस्थित गंडवलं, ते सांगतो, डिझेल गाडीवाल्यांनी तरी सावध व्हा. गाडी स्कॉर्पिओ, २०१२ ची, दोन लाखाच्या आसपास पळालेली. खंबाटकी घाट चढताना दम खायला लागली, मागनं काळा धूर, म्हणून हायवेकडेच्याच एका गॅरेजला दाखवली (नाव टाकत नाही, कटकट नको). त्यानं इंटरकूलरचा (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्याची तापलेली हवा गार करणारा भाग) पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि ते काळं तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं. "शेठ, टर्बो ऑइल मारतोय. नवीन टाकायचा तर चाळीस जातील. नायतर इनटेक क्लीन करून कॅच कॅन बसवतो, बारात भागवू." (इनटेक म्हणजे इंजिनात हवा जायची वाट.) चाळीस हजार ऐकल्यावर बारा स्वस्तच वाटणार की. मी हो म्हणालो.

आता कॅच कॅन ही काय भानगड नाही, खरंच उपयोगाची वस्तू आहे, म्हणून तर फसलो. पिस्टन रिंगच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरला (इंजिनखाली ऑइल असतं तिथं) उतरतोच, तो ऑइलची वाफ घेऊन ब्रीदर पाइपनं परत टर्बोच्या अलीकडं हवेत येतो, आणि पुढं ईजीआरमधनं (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आलेली काजळी त्याला चिकटली की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) डांबरासारखा थर बसत जातो, हवेची वाटच बारीक होते. कॅन त्या ब्रीदरच्या मधे बसतो, आतल्या जाळीला ऑइल अडकून खाली साठतं, ते अधनंमधनं काढून टाकायचं, एवढंच.

मला "जरा चहा घेऊन या" म्हणून पाठवलं, दोन तासात गाडी तयार. बॉनेट उघडून दाखवलं, लालभडक चकचकीत कॅन, दोन काळे पाइप, एकदम भारी काम. गाडी पण थोडी हलकी वाटली (एअर फिल्टर नवीन टाकला होता, जुना पार चोंदलेला, फरक त्याचाच). दीड महिन्यानं कॅन उघडला तर आत थेंब नाही. मी आपला खूश, म्हटलं ऑइल यायचंच बंद झालं!

आमचे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांना कौतुकानं दाखवायला गेलो. त्यांनी कॅनचा एक पाइप हातानं चाचपत मागं नेला, बॅटरीच्या मागं हात घातला आणि म्हणाले, "अरे, हा तर कुठंच जात नाही." खरंच, दोन्ही पाइप बॅटरीमागं झिप टायनं बांधलेले आणि तोंडात एकेक बोल्ट ठोकलेला. कंपनीचा ब्रीदर पाइप जागच्या जागी, पूर्वीसारखाच टर्बोकडं चाललेला. कॅनच्या आत जाळी वगैरे काही नाही, नुसता डबा. मामा म्हणाले नशीब समज, त्या येड्यानं खरा ब्रीदर या बंद पाइपांना जोडला असता तर प्रेशर वाढून सीलमधनं ऑइल बाहेर आलं असतं.

इनटेक क्लीनिंगचं पण तेच. मॅनिफोल्डच्या बोल्टांवर वर्षानुवर्षाची माती तशीच, पान्याचा ओरखडा सुद्धा नाही. वरनं स्प्रे मारून मोकळा झालेला.

टर्बोची गंमत तर पुढंच. मामांनी त्याचा शाफ्ट (पंख्याचा दांडा) हातानं हलवून बघितला, ढिला नव्हता, पंखा कुठं घासत पण नव्हता. इंटरकूलरच्या पाइपात थोडा तेलकटपणा असतोच म्हणाले, थारोळं साठलं तर काळजी करायची. मग डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर ऑइल मॅक्सच्या वर बोटभर. आधीच्या सर्व्हिसिंगला तिथल्या पोरानं ऑइलचा कॅन फोडलाय तर संपवू म्हणून सगळा ओतलेला, आणि मी कधी बघितलंच नाही. जादा ऑइल आत घुसळलं जातं आणि ब्रीदरनं वर फेकलं जातं, त्यात एअर फिल्टर चोंदलेला म्हणजे टर्बो अजून जोरात ओढणार. मामांनी जादाचं ऑइल काढलं, मॅनिफोल्ड आणि ईजीआर उतरवून डिझेलनं धुतलं, खरवडून निघालेला थर पेपरवर ठेवला तर ओंजळभर होता. गॅस्केट (जोडात बसणारं पॅकिंग) धरून खर्च २,३००, मामांनी मजुरी घेतली नाही तो भाग वेगळा.

तर असलं काम करायचं असेल तर गाडीजवळ उभं राहा, चहाला जाऊ नका. निघालेलं जुनं गॅस्केट हातात मागा, मॅनिफोल्ड उघडलाय तर ते निघणारच. कॅन बसवला तर पाइप कुठनं कुठं गेलाय ते स्वतः बोट लावून बघा. महिन्याभरात कॅन पार कोरडा मिळाला तर माझ्यासारखं खूश होऊ नका. आणि डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघायची, सर्व्हिसिंगवरनं आणल्या दिवशीच.

त्या गॅरेजवाल्याशी भांडायला गेलो होतो. "पोरानं केलं असंल शेठ" म्हणून २,००० हातावर टेकवले, बाकीचे पुढच्या आठवड्यात म्हणाला, आता फोन उचलत नाही. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर पक्कं बिल मागितलंच नव्हतं, सिगारेटच्या पाकिटामागं लिहून दिलंय, "इंजिन काम १२,०००", खाली सही पण नाही.