बालेवाडीचा ट्रॅक आणि मधलं मैदान: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याच्या बालेवाडीतलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. आराखडा शशी प्रभूंचा. 2008 मध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, 2013 मध्ये आशियाई ॲथलेटिक्स. त्या वेळी विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण मिळवलं, आणि पुढच्याच वर्षीपासून 2019 पर्यंत त्याच हिरवळीवर आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) फुटबॉल रंगला. एकाच मैदानाचे हे दोन उपयोग एकमेकांच्या पायात येतात. ट्रॅकवर धावणाऱ्याला ते रोज जाणवतं.

हिशोब साधा आहे. मानक 400 मीटर ट्रॅकची सरळ बाजू 84.39 मीटर, वळणाची त्रिज्या 36.50. आतली रुंदी 73 मीटर. त्यात 105 बाय 68 चं फुटबॉल मैदान आखलं की बाजूला अडीच-अडीच मीटर उरतात, आणि कॉर्नरचा झेंडा आतल्या कडेपासून जेमतेम मीटरभर. म्हणजे कॉर्नर मारणारा धाव घेतो ती पहिल्या लेनवरूनच! तिथे मॅट किंवा कृत्रिम गवताची पट्टी अंथरली नाही तर फुटबॉल बुटांच्या तळाचे स्टड्स ट्रॅकचं रबर उचकटतात. कुठल्याही ट्रॅकवर या चार जागा आधी बघा, तिथे लेन 1 खरवडलेली दिसली तर जोरात वळू नका.

उलट बाजूनं भाला आणि हातोडा गवताला भोकं पाडतात. 7.26 किलोचा हातोडा पडला की खड्डाच. मॅचआधी माती-वाळू भरून रोलर फिरवावा लागतो, म्हणून हातोडाफेकीचा सराव शक्यतो वेगळ्या मैदानावर असलेला बरा.

पावसाळ्यात पाणी आतल्या कडेला जमतं. त्यात बिघाड काही नाही, ट्रॅकला आतल्या बाजूला जास्तीत जास्त 1 टक्का उतार द्यायचाच असतो. मात्र कापलेलं गवत आतल्या गटाराच्या जाळीवर साचलं की पाणी तुंबतं, शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. पाऊस थांबल्यावर निदान अर्धा तास तिसऱ्या लेनच्या बाहेर धावा.

पण मग अंतर बदलतं. चौथ्या लेनचा राऊंड 422.37 मीटर, आठव्या लेनचा 453.03. आठव्यात 22 राऊंड म्हणजे 9,967 मीटर, दहा किलोमीटरला 33 कमी. घड्याळाचा ट्रॅक मोड लावून लेन नंबर टाकला नाही तर जीपीएस वळणांवर भलतेच आकडे दाखवतं. सोपा जॉग असेल तर बाहेरच्याच लेन बऱ्या, वळण कमी तीव्र असल्यानं डाव्या पायावरचा ताणही कमी.

धावण्याच्या बुटांच्या तळाला लागणाऱ्या टोकांच्या, म्हणजे स्पाइक्स, 6 मिमी, पिरॅमिड आकाराच्या घ्या. नियमात 9 मिमीपर्यंत मुभा आहे, उंच उडी आणि भालाफेकीला 12, पण सरावाला 6 पुरतात. सुईसारख्या टोकदार स्पाइक्स रबर फाडतात.

प्रेक्षक म्हणून मत विचाराल तर ॲथलेटिक्ससाठी स्टेडियम उत्तम, फुटबॉलसाठी मात्र साइडलाइनपासून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेपर्यंतच बारा मीटर जातात. पहिल्या रांगांतून पलीकडच्या बाजूचा खेळ नीट कळतच नाही. तिकीट वरच्या भागातलं काढा.