जुनी वेबर केटल घ्यायचीय: काळी, लाल, पिवळी की ठिपक्यांची?

जुनी वेबर केटल ग्रिल, म्हणजे घुमटासारखं झाकण असलेली कोळशाची गोल शेगडी, शोधणाऱ्यांपुढे शेवटी रंगाचाच प्रश्न उरतो. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बोयाचा गोळा मधोमध कापून पहिली केटल बनवली. पुढच्या दशकांत काळ्याच्या जोडीला लाल, तपकिरी, हिरव्या, पिवळ्या, निळ्या केटल निघाल्या. काळ्या आणि लाल आजही सहज मिळतात. जुनी पिवळी किंवा हिरवी विकायला निघाली, की अमेरिकेतले संग्राहक तिच्यासाठी शेजारच्या राज्यापर्यंत गाडी नेतात.

पैसे मोजण्याआधी हे मात्र पक्कं समजून घ्या की या केटलवर पोर्सिलेन एनॅमल असतं, म्हणजे ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. आपल्याकडे पूर्वी घरोघरी असलेल्या निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटल्या याच जातीच्या. काच असल्यामुळे ती उन्हानं सहसा विटत नाही आणि निखाऱ्याला दाद देत नाही. पण आपटली तर टवका उडतो, आणि उडालेला टवका घरी भरून निघत नाही. पुन्हा तसंच एनॅमल चढवायचं तर सगळी केटल भट्टीत घालावी लागते. म्हणून मी आधी टवके बघते, रंग नंतर.

टवक्यांच्या बाबतीत रंगारंगांत खरा फरक पडतो. पत्र्याला घट्ट धरून राहावा म्हणून एनॅमलच्या पहिल्या थरात कोबाल्ट आणि निकेलची संयुगं घालतात, आणि त्यामुळे तो थर गडद निळा-काळा दिसतो. वरचा रंगीत थर उडाला की खालून हाच डोकावतो. काळ्या केटलवर तो दोन पावलांवरूनही दिसत नाही. तपकिरीवर जवळ गेल्यावर कळतो. पिवळीवर मात्र तोच टवका थेट डोळ्यांत भरतो. दोन पिवळ्या केटल समोर असतील, तर टवके नसलेलीला जास्त पैसे द्यावेत, हे माझं ठाम मत आहे. टवकेवाली स्वस्तात घेतली, तरी ती रोज नजरेला टोचत राहील.

लाल रंगाची गोष्ट थोडी नाजूक आहे. एनॅमलमध्ये भडक लाल आणण्याचा जुना, प्रचलित मार्ग म्हणजे कॅडमियम आणि सेलेनियमची रंगद्रव्यं, आणि ती भट्टीच्या तापमानाला फार संवेदनशील असतात. आच थोडी जास्त झाली की लाल काळपट होतो. म्हणून लाल केटलचं झाकण आणि बुड यांच्या छटेत थोडा फरक दिसला, तर लगेच ‘जोडी जुळवलेली आहे’ असा निष्कर्ष काढू नका. छटा अगदीच वेगळी असेल, तर मात्र झाकण दुसऱ्या केटलचं असू शकतं आणि किंमत त्यानुसार उतरायला हवी. लालवर धुरकट, फिकी साय दिसली, तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं एक कोपरा पुसून बघा. चरबी आणि धूळ असेल तर निघेल. आम्लानं काचेचा पृष्ठभागच खाल्ला असेल, तर चकाकी परत येत नाही. आणि कॅडमियम आहे म्हणून वापरायला घाबरू नका, ते काचेत बंद आहे आणि अन्न बाहेरच्या बाजूला लागतही नाही. फक्त जुना लाल किंवा पिवळा एनॅमल कधीही सँडपेपरनं घासू नका, ती धूळ श्वासात जाता कामा नये.

ठिपक्यांची, म्हणजे एका रंगात दुसऱ्याचे शिंतोडे असलेली केटल मला वापरासाठी सगळ्यांत समजूतदार वाटते. बारीक टवके, पाण्याचे डाग, बोटांचे ठसे सगळं त्या नक्षीत सामावून जातं. अडचण एकच: छायाचित्रात तिचे दोष लपतात. ती प्रत्यक्ष बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका.

स्वयंपाकात रंगानं काहीच फरक पडत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘काळी जास्त तापते’ असं सर्रास ऐकू येतं. निखाऱ्यांच्या तापमानाला उष्णता अवरक्त किरणांतून जाते, आणि त्या किरणांच्या बाबतीत पिवळं एनॅमल आणि काळं एनॅमल जवळजवळ सारखंच वागतं. भरताचं वांगं दोन्हीत सारखंच भाजून निघतं. आच राखली जाते ती हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांवर आणि झाकण किती नीट बसतं यावर.

सगळ्यांत मोठा धोका पुन्हा रंगवलेल्या केटलचा. दुर्मीळ रंग म्हणून विकली जाणारी वस्तू कधी कधी उष्णता सोसणाऱ्या रंगाचा स्प्रे मारलेली काळीच असते. ॲसिटोननं भिजवलेला कापूस बुडाच्या खालच्या बाजूला घासून बघा (मालकाला आधी विचारून). रंग असेल तर कापसावर उतरेल, एनॅमलला ढिम्म काही होत नाही. झडपेच्या रिव्हेटभोवती, पायाच्या खोबणीत आणि हँडलच्या स्क्रूखाली एनॅमलची कड एकसारखी दिसते. स्प्रेचे तुषार मात्र रिव्हेटवरही पसरलेले असतात. उलट झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत असतील, तर ते रंगाचे नव्हेत. ती जळून साठलेली चरबी आणि काजळी असते, वायर ब्रशनं निघून जाते.

बुडातली राख हलवून खालची झडपांची भोकं तपासा. राख ओली राहिली की तिथलं पोलाद आधी सडतं, आणि तिथं आरपार गेलेली केटल कोणत्याही रंगाची असो, भिंतीशी ठेवण्यापुरतीच उरते. जुन्या लाकडी हँडलला भेगा असतील, तर काळजी नको, लाकूड बदलता येतं. मात्र मूळ हँडल पिशवीत जपून ठेवा, पुढे विकताना संग्राहक त्याचीच चौकशी करतात.

दर आठवड्याला कोळसा पेटवणार असाल, तर लाल किंवा ठिपक्यांची घ्या. पिवळी किंवा हिरवी घ्यायची तर तिला छपराखाली जागा द्या आणि तापलेल्या झाकणावर थंड पाणी कधी पडू देऊ नका, काच तडकते. काळी मी फक्त सुट्या भागांसाठी सुचवेन. जुन्या काळ्या केटलच्या जाळ्या, झडपा आणि पाय तुमच्या रंगीत केटलला पुढची कैक वर्षं पुरतील.