गावकऱ्यांनी चालवलेला आरोग्य उपक्रम: सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या ग्रामीण भागात गावकऱ्यांनीच सुरू केलेल्या व्यायाम आणि सकस आहाराच्या विनामूल्य उपक्रमात मी सलग सहा महिने भाग घेतला. स्वयंपाकाचे प्रात्यक्षिक, चालण्याचा गट आणि आरोग्य तपासणी असे त्याचे तीन भाग असून तिन्हींचा दर्जा मात्र सारखा नाही.

यातले प्रात्यक्षिक मला सर्वांत मोलाचे वाटले. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकाला आपल्या घरात दिवसभर लागणारे मीठ अंदाजाने ताटलीत काढायला सांगितले. आम्ही घरात चौघे आणि माझ्या ताटलीत सपाट सात चमचे मीठ जमले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ खावे, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतले मीठही धरायचे असते, हे कळल्यावर त्या ढिगाकडे पाहून मी खरोखरच हादरले. फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाव्यात, हेही ताईंनी नुसते सांगितले नाही, तर तराजूत तोलून दाखवले. भाजी पिकवणाऱ्या घरांतही चांगला माल बाजाराला जातो आणि ताटात थोडीच उरते, ही अडचण तिथे मोकळेपणाने बोलली गेली, याचे मला विशेष समाधान वाटले.

चालण्याचा गट आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालतो, त्यामुळे प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे सहज भरतात. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवायचा, ही खूण सगळ्यांना पटली. रस्त्याला पदपथ नाही, दिवेही नाहीत, म्हणून पुढे आणि मागे एकेक स्वयंसेवक विजेरी घेऊन चालतो. दिवसभर शेतात राबलेल्यांना आणखी चालायला न लावता त्यांच्याकडून पाठ आणि खांदे ताणण्याचे व्यायाम करून घेतात, तर वयस्कांकडून तोल सांभाळण्याचे व्यायाम. खुर्चीतून उठताना सुरुवातीला दोन्ही हातांनी आधार घेणाऱ्या एक आजी चौथ्या महिन्यात हात छातीशी धरून सलग पाच वेळा उठल्या, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

तपासणीबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि मोजताना बोलू नये, हे मूलभूत नियम आहेत, परंतु माझा रक्तदाब रांगेतून आल्या आल्या, बाहीवरूनच आणि नाव-वय विचारत मोजला गेला. आकडा जास्त आला आणि मी आठवडाभर काळजीत राहिले, तर दवाखान्यात नीट मोजल्यावर तो नेहमीचाच निघाला. मी आयोजकांना लेखी कळवल्यावर पुढच्या खेपेस बसायला खुर्च्या मांडल्या गेल्या, तरी पाच मिनिटांचा नियम अजून पाळला जात नाही. तो पाळला जाईपर्यंत रक्तदाबासाठी मी दवाखान्यातच जाईन आणि संध्याकाळी गटाबरोबर चालणे सुरू ठेवीन.