पहिला वस्तरा: ब्लेडचा की पक्क्या पात्याचा?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या सलूनात मानेवर फिरतो तो ब्लेडचा वस्तरा. साधं दुधारी ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं खाचेत सरकवायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. धार लावायची कटकट नाही, खर्च किरकोळ. पण धार कडक. कोन जरा चुकला की हनुवटीवर लाल रेघ उठलीच.

पक्क्या पात्याचा वजनदार, कातडीवर मऊ चालतो. त्याचे लाड मात्र लई. दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढं, धार मागं ठेवून ओढायचा. टोकाला पोचलं की पाठीवरच उलटायचा. धारेवर उलटलात तर पट्टा कापला म्हणून समजा. (चप्पल लाइनीत ओळखीचा कारागीर असेल तर गुळगुळीत चामड्याची पट्टी मागून बघा.) अधूनमधून बारीक दगडावर घासणंही आलं. आणि कार्बन स्टीलचा असेल तर आपल्या पावसाळ्यात पुसून तेलाचा हात द्यायलाच लागतो, नाहीतर गंज धरतो.

माझं विचाराल तर आधी ब्लेडचाच घ्या, पातं कातडीशी 30 अंशांच्या आसपास धरायला हात बसू द्या. पुढं पक्का घेताना 5/8 इंच रुंदीचा, गोल टोकाचा बघा. चौकोनी टोकाचा दिसतो देखणा, पण कानाजवळ तो नकोच.