सुपरवायझर संस्थेतला, बाहेरचा, की आपापला गट?

मानसशास्त्राच्या एम.ए.चे निकाल लागले की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज येऊ लागतात. "मॅडम, नोकरी लागली. तिथल्या सिनिअरच सुपरव्हिजन देणार म्हणतात. मग बाहेर पैसे भरून वेगळं घेऊ का?" किंवा, "आम्ही बॅचमधल्या सहाजणी मिळून गट करतोय, तेवढं पुरेल ना?" सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने आपल्या केसेस जाणत्या व्यक्तीपुढे नियमित मांडून सल्ला घेणं. त्यात फीचा हिशेब आधी होतो, आणि त्यात चूक काहीच नाही. सुरुवातीच्या पगारातून पुण्यातल्या खोलीचं भाडं गेलं की हातात फारसं उरत नाही. मी मात्र उलट विचारते: रात्री साडेनऊला क्लायंटचा "आता सगळं संपवते" असा मेसेज आला, तर तुझा फोन कोण उचलणार? आणि पुढे त्यावरून कुणी जाब विचारला, तर कागदावर नाव कुणाचं असणार? तिन्ही पर्याय मी या दोन प्रश्नांवरच तोलते.

सुपरवायझरची जबाबदारी एका जागी लिहून ठेवणारा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमधली बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजनची अपेक्षा ठेवते. अमेरिकेत राज्याराज्यांची परवाना मंडळं सुपरव्हिजनखाली केलेल्या कामाचे तास मोजतात, मगच स्वतंत्र परवाना मिळतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या यादीत आले. पण नोंदणी म्हणजे सुपरव्हिजन नव्हे. तेव्हा आपली जबाबदारी पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा), मानसिक आरोग्य कायदा, पुराव्याचा कायदा अशा ठिकठिकाणहून वेचून काढावी लागते. वेचायला बसलं की दिसतं, तिन्ही पर्यायांत ती सारख्या वजनाने पडत नाही.

एका बुधवारची गोष्ट

एका ज्युनिअर कॉलेजमध्ये समुपदेशक असलेली मुलगी महिन्यातून दोनदा माझ्याकडे येते. म्हणजे मी तिची बाहेरची सुपरवायझर. त्या बुधवारी तिने वही उघडली नाही, बॅगसुद्धा खांद्यावरून काढली नाही. सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने तिला सांगितलं होतं की एकोणीस वर्षांच्या मित्राशी तिचे शरीरसंबंध आहेत, तिच्या मर्जीने. समुपदेशक हे घेऊन कॉलेजमधल्या आपल्या सुपरवायझरकडे गेली. उत्तर मिळालं: "हे आपल्यापर्यंत आलंच नाही असं समज. परीक्षा तोंडावर आल्यात."

कायद्याला इथे संदिग्धता नाही. पोक्सो, २०१२ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलीची संमती ही संमतीच नव्हे. कलम १९ सांगतं की गुन्हा घडल्याचं कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. "कोणत्याही व्यक्ती"त समुपदेशक आली, तिची कॉलेजातली सुपरवायझर आली, आणि तिने तोंड उघडल्या क्षणापासून मीही आले. वरिष्ठांनी गप्प बसायला सांगितलं ही सबब इथे चालत नाही; कर्तव्य ज्याचं त्याचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाचं प्रकरण आठवा. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं नाही म्हणून गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा निर्णयच फिरवला.

कळवायचं की नाही यावर आम्ही वेळ घालवला नाही. कसं कळवायचं यावर दीड तास गेला. त्या मुलीला आधी कोण सांगणार, कुठल्या शब्दांत, पोलीस येतील तेव्हा तिच्या शेजारी कोण बसणार, प्राचार्यांना तारीख-वेळ घालून लेखी काय द्यायचं, घरचे मारतील ही भीती तिने बोलून दाखवली तर बालकल्याण समितीपर्यंत ती कशी पोचवायची. दुसऱ्या दिवशी मुलगी समुपदेशकाला एकच वाक्य म्हणाली, "तुम्ही तर कुणालाच सांगणार नाही म्हणाला होतात." आणि समुपदेशकाने ते पहिल्या सेशनला खरंच म्हटलं होतं. गुप्ततेला अपवाद असतात हे सांगायचं राहून गेलं होतं. ती पहिल्या सेशनला काय बोलते हे सहा महिन्यांत मी एकदाही तपासलं नव्हतं. हे राहणं तिच्याइतकंच माझं.

आता हीच केस तीन खुर्च्यांवर ठेवून बघा. संस्थेतली सुपरवायझर त्याच इमारतीत असते. प्राचार्यांकडे तीच जाऊ शकते, मुलीजवळ कुणाला बसवायचं हे तीच ठरवू शकते. पण संस्थेचं नाव तिलाच जपायचं असतं. बाहेरच्या सुपरवायझरला संस्थेची भीड नसते, मात्र तिच्या हातात सल्ल्यापलीकडे काही नसतं. समवयस्कांच्या गटात ही केस मांडली तर सहा मतं मिळतील, आणि कायद्याच्या नजरेत सहाजणींना "कळलेलं" असेल. बहुतेक गटांना याची कल्पनाच नसते.

वरिष्ठाने पत्र परत मागवलं

संस्थेतल्या सुपरवायझरबद्दल बोलताना टॅरासॉफ खटला टाळता येत नाही. जगभरच्या अभ्यासक्रमांत तो "धोक्याचा इशारा देण्याचं कर्तव्य" म्हणून शिकवला जातो. मला त्यातलं वरिष्ठाचं वागणं जास्त बोचतं. १९६९ साल, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली. बंगालमधून शिकायला गेलेल्या प्रसेनजित पोद्दारने थेरपिस्टला सांगितलं की तो एका मुलीला मारणार आहे. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना लेखी कळवलं. पोलिसांनी पोद्दारला ताब्यात घेतलं आणि तो समंजस दिसतोय म्हणून सोडून दिलं. त्यानंतर न्यायालयापुढच्या तक्रारीप्रमाणे, मानसोपचार विभागाच्या प्रमुखांनी ते पत्र परत मागवलं, पत्राच्या प्रती आणि थेरपिस्टच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या, आणि पोद्दारला उपचारासाठी ठेवून घ्यायला काहीही करू नका असा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये तातियाना टॅरासॉफचा खून झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे.

तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क देतो आणि मोजके अपवाद ठेवतो: दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, जिवाला धोका, न्यायालयाचा किंवा या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा आदेश असे. धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची, जास्त नाही. हे कलम मुभा देतं, भाग पाडत नाही. आणि मुभा वापरायची की नाही हे ठरवण्याच्या घडीलाच सुपरवायझर लागतो. वरिष्ठ "नको" म्हणाले, तर तो नकार लेखी मागायची हिंमत नवख्या समुपदेशकात असते का? मी पंचविशीत असताना माझ्यात नव्हती.

केस सांगायची, पण कुणाला

गुप्ततेच्या बाबतीत संस्थेतली सुपरवायझर उघड सरस ठरते. ती उपचार करणाऱ्या टीमचा भाग असते, फाइल तिच्या कपाटात असते. उपचारासाठी इतर मानसिक आरोग्य व्यावसायिकांना माहिती द्यायला कलम २३ परवानगी देतं. पण या कायद्यातला "मानसिक आरोग्य व्यावसायिक" म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, किंवा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ते अशी मंडळी. नुसतं एम.ए. करून वीस वर्षं उत्तम काम केलेली बाहेरची सुपरवायझर त्या व्याख्येत बसेलच असं नाही. तिला दोष द्यायचं कारण नाही. फक्त तिच्याशी केस बोलायची तर क्लायंटची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्यायची. "तुमच्याबद्दल मी माझ्या सुपरवायझरशी बोलते, नाव न सांगता", एवढं वाक्य संमतिपत्रात पुरतं.

नाव न सांगणं ही वेगळीच गंमत आहे. "सातारच्या एका डेंटिस्टची बायको, मुलगा जर्मनीला" एवढ्यावर आपल्याकडे निम्म्या लोकांना घर कुठलं ते कळतं. मराठी माणसांचं जग लहान आहे, आणि समुपदेशकांचं त्याहून लहान. गटात हा धोका सगळ्यात मोठा. त्यात गट व्हॉट्सॲपवर असेल, रात्री अकराला कुणीतरी केसची चार मिनिटांची व्हॉइस नोट टाकत असेल, तर मी त्या गटाला सुपरव्हिजन म्हणतच नाही.

नोंदींबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, अगदी सिनिअरांमध्येही. वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ संरक्षण देतो. थेरपिस्ट आणि क्लायंटमधल्या बोलण्याला तसं संरक्षण त्यात नाही. मुलाच्या ताब्याच्या दाव्यात न्यायालयाने कागद मागवले, तर समुपदेशकाच्या नोंदींबरोबर सुपरवायझरच्या नोंदीही मागवल्या जाऊ शकतात. म्हणून माझ्या वहीत केसपेक्षा मी दिलेला सल्ला जास्त असतो: तारीख, काय विचारलं गेलं, मी काय म्हणाले, पुढे काय ठरलं. बाहेरच्या सुपरवायझरशी बोलणी करताना ती काय लिहिते, कुठे ठेवते आणि किती वर्षं ठेवते, हे बेलाशक विचारा. "मी काहीच लिहीत नाही" असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांनी रविवारी दिलेला सल्ला सोमवारी तुमचा एकटीचा होतो.

जी तुमचं मूल्यमापन लिहिते तिला चूक कशी सांगणार

इथे मात्र पारडं फिरतं. संस्थेतली सुपरवायझर तुमची रजा मंजूर करते आणि मार्चमध्ये पगारवाढीचा अहवालही लिहिते. आत्महत्येबद्दल विचारायचं राहिलं, क्लायंटने दिलेली साडी घेतली, एखाद्या क्लायंटबद्दल नको ते वाटायला लागलं, हे तिच्यासमोर कोण बोलेल? बोललं जात नाही, आणि न बोललेली केसच पुढे बिघडते. बाहेर पैसे भरून घेतलेल्या तासात हे सहज निघतं. पण तिथेही पैसे तुम्ही देता, त्यामुळे काही सुपरवायझर टोकायला बिचकतात. आणखी एक प्रकार वाढलाय: सुपरवायझरच क्लायंट पाठवते आणि त्यात वाटा घेते. तिला तुमचं काम थांबवायची वेळ आली तर तिचंच नुकसान होणार. अशा ठिकाणी जाऊ नका. तुमची थेरपिस्टच तुमची सुपरवायझर, हेही नको.

सुपरव्हिजनखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेला सरळ वर्ज्य आहेत. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिकाऊ आणि बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियाही येतात. संस्थेत दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. म्हणजे दाद मागायचं दार संस्थेत निदान दिसतं. बाहेरच्या सुपरवायझरच्या घरी, बंद दाराआड होणाऱ्या तासाला ते तितकं सरळ सापडत नाही. मी नवख्या मुलींना पहिली भेट क्लिनिकमध्ये किंवा ऑनलाइन घ्यायला सांगते. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही. नाही आवडलं तर नाही.

मग काय घ्यावं

पहिली दोन वर्षं, आणि संस्था शाळा, रुग्णालय किंवा संकटग्रस्तांसोबत काम करणारी असेल, तर संस्थेतली सुपरवायझर हवीच, कारण धोक्याच्या रात्री फोन उचलायची आणि सही करायची जबाबदारी तिची असते. तिच्या जोडीला महिन्यातून एकदा बाहेरची. ऐपत नसेल तर दोन महिन्यांतून एकदा, पण ती फी वाचवू नका. स्वतःची प्रॅक्टिस असेल तर संस्थेतला पर्यायच नाही. मग बाहेरची व्यक्ती निवडताना नोंदणी, पोक्सोची जाण आणि तातडीच्या फोनची तयारी हे तिच्या नावाच्या वलयापेक्षा आधी बघा. गट ठेवा, छान असतो, थकवा हलका होतो. पण आत्महत्या, हिंसा, अल्पवयीन क्लायंट या तीन गोष्टी गटात सोडवायच्या नाहीत.

कुणाकडेही जा, एक पानाचा करार करा: किती तास, तातडीला कुठला नंबर, सुपरवायझर रजेवर असेल तर कोण, नोंदी कुणाच्या, मतभेद झाला तर लेखी कुठे. माझ्या करारात त्या बुधवारनंतर एक ओळ वाढली. पहिल्या सेशनला क्लायंटला गुप्ततेबद्दल काय सांगणार, ते नेमके शब्द मला आधी लिहून दाखवायचे.