खिल्लार गायींची पारख करणारी पुण्यातील सेवा: जुन्या गायींसाठी उत्तम, कालवडींसाठी अपुरी

पुणे शहरातून चालणाऱ्या एका पशुवैद्यकीय पारख-सेवेकडून आम्ही शिरूर तालुक्यातील आमच्या खिल्लार गायींची तपासणी करून घेतली आणि पुढे कालवडी (अजून न व्यालेल्या तरुण गायी) विकत घेतानाही त्यांचाच सल्ला घेतला. शुल्क घेऊन गोठ्यावर येणे, कोणती जुनी गाय पैदाशीसाठी ठेवावी व कोणती कमी करावी हे लेखी कळवणे, आणि खरेदीच्या वेळी बाजारात किंवा पैदासकाराच्या दावणीला सोबत येऊन जनावर पाहणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. पुढे काही उणिवाही लिहिल्या असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही. ज्याला अशी सेवा घ्यायची आहे त्याने पैशांच्या मोबदल्यात नेमके काय मागून घ्यावे, हे त्याला कळावे एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

खिल्लार गाय दुधासाठी पाळली जात नाही. तिचे उत्पन्न म्हणजे तिचे वासरू. चांगला खोंड (तरुण नर) आणि चांगली कालवड यांच्यावरच हा व्यवसाय उभा असतो, आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारी राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवल्यापासून जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि शिरूर या पट्ट्यात खिल्लार खोंडांविषयीची आस्था अधिकच वाढली आहे. तरीही बहुतेक तपासनिसांच्या हातातील पत्रके होल्स्टीन किंवा जर्सी संकरित गायींसाठी बनवलेली असतात, त्यांत पहिला रकाना लिटरचा असतो आणि खिल्लार गाय त्या रकान्यातच नापास होते. या सेवेतील ज्येष्ठ डॉक्टरांनी ते पत्रक बाजूला ठेवले, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. त्यांनी वापरलेली कसोटी अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कळपांतील मातांना लावली जाते तीच होती: गाय वेळेवर गाभण राहते का, विनासायास विते का आणि वासराला स्वतःच्या दुधावर नीट वाढवते का. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गायीच्या आणि 2015 च्या दुरुस्तीने बैल व वळूंच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे तेथील व्यवसायाचे उद्दिष्ट येथे लागू होत नाही, परंतु मातेचे काम दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो चुकीच्या किमतीत. तिकडे हंगाम संपताना गाभण नसलेली गाय कळपातून काढून कत्तलीसाठी विकली जाते. आपल्याकडे तो मार्ग नसल्यामुळे चुकीने ठेवलेली किंवा चुकीने घेतलेली गाय पुढची कित्येक वर्षे दावणीला राहते आणि कडब्याचा खर्च चालूच राहतो. म्हणून येथे पारख अधिक काळजीपूर्वक व्हायला हवी, हे डॉक्टरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

जुन्या गायींची तपासणी त्यांनी ज्या क्रमाने केली तो क्रम शिकण्यासारखा आहे. गायीला हात लावण्यापूर्वी त्यांनी आमच्या चुलत्यांना विचारले, "आबा, हिची मागची तीन वासरं आता कुठं आहेत, आणि ती किती किती अंतरानं झाली?" आबांच्या वहीत वेताच्या तारखा होत्या, त्यामुळे हिशेब तेथेच मांडता आला. गायीचा गाभणकाळ सुमारे 280 ते 285 दिवसांचा असतो. वर्षाला एक वासरू हवे असेल तर व्याल्यानंतर 80 दिवसांच्या आसपास ती पुन्हा गाभण राहायला हवी. वासरू पाजणारी खिल्लार गाय उशिरा माजावर येते, म्हणून दोन वेतांत चौदा-पंधरा महिन्यांचे अंतर त्यांनी चांगले मानले, मात्र अठरा महिन्यांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक गायीसमोर कारण लिहायला लावले: ती उलटत होती का (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत होती का), वार अडकली होती का, की वळूच वेळेवर मिळाला नव्हता. हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि त्यामुळे मालकाच्या हयगयीचे खापर गायीवर फुटते.

त्यानंतर वय पाहिले. गायीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते आणि चारही जोड्या साडेचार-पाच वर्षांपर्यंत जुळतात, म्हणून आदत (कायमचा दात न आलेले), दुसा (दोन दातांचे) आणि चौसा (चार दातांचे) इथपर्यंत वय नेमके सांगता येते. दात जुळल्यानंतर मात्र केवळ झिजेवरून अंदाज करावा लागतो. कोरड्या कडब्यावर आणि माळरानावर चरलेल्या गायीचे दात हिरव्या चाऱ्यावरच्या गायीपेक्षा लवकर झिजतात, तेव्हा तोंड पाहून कोणी अकरावे की बारावे वर्ष ठामपणे सांगू लागला तर सावध राहावे. शिंगांवरच्या वलयांवरून वेत मोजण्याची जुनी रीत आहे, पण खिल्लार जनावरांची शिंगे साळण्याची पद्धत असल्यामुळे ती वलये बहुधा उरतच नाहीत. डॉक्टरांनी वर्षांच्या आकड्याला फारसे महत्त्व दिले नाही. दात झिजलेले असले तरी ते हलतात का, मधला एखादा पडला आहे का आणि गाय चारा नीट चावून रवंथ करते का, एवढेच त्यांनी नोंदवले, कारण म्हातारी गाय प्रथम तोंडाने थकते आणि मग अंगाने उतरते.

नंतर प्रत्येक गाय मोकळ्या, सपाट जागेवर चालवून पाहिली. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो का, वळताना गाय मागचा पाय ओढते का, खुरांची टोके वाढून एकमेकांवर चढली आहेत का, हे पाहायला त्यांनी पुरेसा वेळ घेतला. कासेच्या बाबतीत ते सर्वांत काटेकोर होते. जुन्या गायीची कास मागच्या पायाच्या सांध्याच्या खाली लोंबत असेल किंवा सड बाटलीसारखे फुगलेले असतील, तर नुकत्याच जन्मलेल्या वासराला ते तोंडात धरता येत नाहीत. त्याला पहिल्या काही तासांत चीक मिळत नाही आणि पुढे वासरू सतत आजारी पडते. दोष गायीच्या सडाचा असतो आणि वासरू अशक्त जन्मले असे समजले जाते. चारही सडांची धार काढून त्यांनी दगडीची जुनी गाठ चाचपून पाहिली, वरून न दिसणाऱ्या कासदाहासाठी सीएमटी ही दुधाची झटपट चाचणी केली आणि एक सड बंद असलेल्या गायीला केवळ त्या कारणाने बाद केले नाही, कारण तिची तिन्ही वासरे डोळ्यांसमोर उभी होती आणि तिन्ही उत्तम होती.

या पद्धतीचे फळ दोन गायींच्या निकालात दिसले. सातव्या वेताची, बारा वर्षांच्या आसपासची आमची एक गाय बरगड्या मोजता येतील इतकी उतरलेली होती आणि घरातील तरुण मंडळींनी तिचा विचार सोडून दिला होता. तिच्याच शेजारी तिसऱ्या वेताची, पुठ्ठ्यावर मांस भरलेली, तकतकीत कातडीची गाय उभी होती. डॉक्टरांनी अंगाची स्थिती एक (अगदी रोड) ते नऊ (अतिशय लठ्ठ) अशा श्रेणीत लिहिली. पहिलीला चार आणि दुसरीला सात दिले, पण निकाल उलटा लावला. पहिलीच्या अंगाखाली पाच महिन्यांचा भरदार खोंड होता आणि हाताने तपासणी केली तेव्हा ती पुन्हा अडीच महिन्यांची गाभण निघाली. तिने खाल्लेले सगळे वासराला दिले होते. दुसरीचे मागचे वासरू लहानपणीच गेले होते, त्यानंतर ती वारंवार उलटत राहिली, आणि ज्या ताकदीने वासरू वाढायचे ती तिच्याच अंगावर चढली होती. गुबगुबीत गाय म्हणजे चांगली गाय हा समज आपल्या बाजारात इतका खोल रुजलेला आहे की, पोटात गर्भ व अंगाखाली वासरू असलेली रोड गाय कमी भावात जाते आणि रिकामी, सुस्त गाय चढ्या भावात विकली जाते. अनुभवी, वेळेवर विणाऱ्या जुन्या गायीची किंमत बाजार नेहमी कमी लावतो, असे माझे मत आहे. पैदासकाराने कळप वाढवताना सर्वप्रथम अशाच गायी शोधाव्यात. गायीच्या खुराकासाठी त्यांनी दिलेला सल्ला नेहमीचाच होता, त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे नाही.

कालवडींच्या निवडीत मात्र हीच सेवा कमी पडली. शनिवारी चाकणच्या बाजारात आमच्याबरोबर आलेले त्यांचे तरुण सहकारी अभ्यासू आणि नम्र होते, परंतु त्यांच्या पत्रकात रंग, शिंगांची ठेवण, चेहऱ्याची लांबी, वशिंड आणि गळ्याची पोळी यांनाच निम्म्याहून अधिक गुण होते. जातीची लक्षणे पाहायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण ती पाहण्यासाठी पशुवैद्याची गरज नसते, आमच्या भागातील कोणताही जाणता शेतकरी ती लांबून सांगतो. ज्या गोष्टी आम्हाला दिसत नाहीत त्या त्यांनी पाहाव्यात अशी अपेक्षा होती. कालवडीने अजून काहीच सिद्ध केलेले नसते, म्हणून तिची खरी पारख तिच्या आईवरून होते: आई किती वेतांची, तिची कास व पाय कसे, ती स्वभावाने मारकी आहे का, कालवडीचा बाप कोणता वळू होता आणि तोच वळू आपल्या कळपात तर वापरलेला नाही ना. बाजारात आई समोर नसते आणि मधला दलाल जे सांगेल ते मानावे लागते, ही अडचण मला मान्य आहे. परंतु अहवालात ती स्पष्टपणे लिहायला हवी होती. ती लिहिली नव्हती आणि गुण मात्र पूर्णांकात दिले होते.

मापे घेतली नाहीत, ही दुसरी उणीव. कालवड प्रौढ वजनाच्या 60 ते 65 टक्क्यांपर्यंत पोहोचल्यावरच तिला भरवावे (वळू दाखवावा किंवा रेतन करावे), हा नियम सर्वमान्य आहे. गोठ्यातील प्रौढ गायी 350 किलोच्या धरल्या तर कालवड 210 ते 230 किलोची असावी. त्यासाठी वजनकाट्याची गरज नसते. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतच्या इंचांतील लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे, म्हणजे अंदाजे किलो मिळतात. घेर 56 आणि लांबी 48 असेल तर वजन साधारण 228 किलो येते. साध्या टेपने काही मिनिटांत होणारे हे काम न करता "वाढ समाधानकारक" एवढाच शेरा देणे, शुल्क घेणाऱ्या सेवेला शोभत नाही.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कालवड जुळ्यातील आहे का, हे त्यांनी विचारलेच नाही. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड दहापैकी नऊहून अधिक वेळा वांझ निघते, कारण गर्भातच दोघांचे रक्त एकमेकांत मिसळून तिच्या जनन अवयवांची वाढ खुंटते. अशी कालवड बाहेरून अत्यंत देखणी दिसते, बऱ्याचदा इतरांपेक्षा उंचही होते, आणि म्हणूनच ती बाजारात येते. विक्रेत्याला हा प्रश्न मी स्वतः विचारला, आणि एका कालवडीबाबत उत्तर टाळले गेले तेव्हा आम्ही ती सोडून दिली.

रोगांच्या बाबतीत त्यांची माहिती अचूक होती. सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिसची) लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच देतात, आणि 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती समाविष्ट आहे. त्यामुळे कानातील बारा अंकी बिल्ल्यावरून नोंद पाहण्याचा त्यांचा आग्रह योग्यच होता. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही, तरी बिल्ला आहे म्हणून लस झालीच आहे असे मानू नये, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. रक्ताचे नमुने मात्र त्यांनी स्वतः नेले नाहीत. औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात ते पोहोचवण्याचे काम आमच्यावर सोडले. शुल्कात हे बसत नसेल तर आधी सांगायला हवे होते.

शुल्क प्रत्येक जनावरामागे असून प्रवासखर्च वेगळा आकारला जातो. दोन-चार गायी असलेल्या शेतकऱ्याला ते जड जाईल; शेजारच्या तीन-चार गोठ्यांनी मिळून एकाच दिवशी बोलावल्यास परवडते. बोलावण्यापूर्वी प्रत्येक गायीच्या वेताच्या तारखा, वळूचे नाव आणि विकलेल्या वासरांची नोंद तयार ठेवावी, कारण या नोंदी नसतील तर या सेवेतील सर्वोत्तम भागाचा उपयोगच होणार नाही. ज्येष्ठ डॉक्टर स्वतः येणार आहेत का, हेही आधी विचारून घ्यावे.

जुन्या गायींच्या तपासणीसाठी मी त्यांना पुन्हा बोलावणार आहे. कालवडींच्या पत्रकात आईची वेते, वळू, जुळेपण आणि टेपने मोजलेले वजन असे रकाने घालावेत, असे मी त्यांना लेखी कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. तो बदल होईपर्यंत कालवडीसाठी त्यांना नेणाऱ्याने बाजाराऐवजी पैदासकाराच्या गोठ्यावरच न्यावे, आईला दावणीवरून सोडून चालवून दाखवायला सांगावे आणि टेप स्वतःची घेऊन जावी.