फेल रनिंगचे शूज: हिवाळाभर वापरून आणि पहिली रेस पळून झाल्यावर

मी मँचेस्टरला राहते. फेल म्हणजे इथले उत्तर इंग्लंडमधले उघडे डोंगर, आणि त्यांवर पळणं म्हणजे फेल रनिंग. ऑक्टोबरपासून हे शूज घालून पेंडल, किंडर, रिव्हिंग्टन ह्या बाजूच्या डोंगरांवर पळतेय आणि ह्या वसंतात पेंडलवर पहिली फेल रेस पण झाली. इथले आपले बरेच जण १०के वगैरे पळतात आणि डोंगरावर यायचं म्हटलं की पहिला प्रश्न शूजचा असतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी निकाल सांगते. ओलं गवत आणि चिखल ह्यात हे शूज एक नंबर, ओल्या दगडावर सांभाळून, डांबरावर अजिबात नको. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये कारण ८ मिमी लग्जचे, म्हणजे सोलला एवढे खोल रबरी दात असलेले शूज थोडेफार असेच वागतात, आणि फिटिंग शेवटी ज्याच्या त्याच्या पायावर. क्लबमधली जुनी मंडळी अजून बोल्टनच्या वॉल्श ह्या शूज कंपनीचं नाव घेतात, तेही घालून बघा.

रोडचे किंवा साधे ट्रेल शूज का चालत नाहीत? सातारा हिल हाफ मॅरेथॉन केलेल्यांना चढ नवीन नाही, पण यवतेश्वरचा तो घाट डांबरी आहे. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना कातळ आणि घसारा माहितीये, तिथे पाय सरकतो तो कोरड्या सुट्या मातीवर. इथे पीट असतं, काळी स्पंजसारखी ओली जमीन, वरून छान गवताचे झुबके दिसतात आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. साधा सोल तिथे चिखलाने भरून सपाट होतो, ह्या शूजचे दात लांब लांब असल्यामुळे चिखल दोन पावलांत झटकला जातो आणि परत पकड मिळते. फरक खरंच एवढा आहे.

चढाबद्दल फार नाही लिहीत. फेल रनर्स असोसिएशन रेसना चढाप्रमाणे कॅटेगरी देते, त्यातली सगळ्यात उभी ए कॅटेगरी म्हणजे किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ, म्हणजे ५ किमीच्या रेसला निदान २५० मीटर. एवढ्या चढावर बहुतेक सगळे चालतातच, गुडघ्यांवर हात दाबून, आणि ते नियमात बसतं. पेंडल ५५७ मीटरचाच आहे पण बिग एंडची बाजू अशी उभी की पळायचा हट्ट केला तर वर पोचेपर्यंत पाय संपलेले असतात, पुढे उतरणार कशावर? चालायचाच सराव करा, जोरात.

खरी तयारी उताराची, आणि शूजची खरी परीक्षा पण तिथेच. नवीन माणूस घाबरून मागे झुकतो, टाच आधी टेकवतो, आणि नेमकं त्यानेच घसरतो, कारण टाचेवर ब्रेक मारला की अख्ख्या सोलमधले दोन-चार दातच जमिनीत रुततात. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि भराभर, हात मोकळे पसरलेले, नजर पायाशी नाही तर तीन-चार पावलं पुढे, असं केलं की पूर्ण सोल टेकतो आणि शूज धरून ठेवतो. हा विश्वास यायला मला अख्खा हिवाळा लागला, एकाच गवताळ उतारावर परत परत, आधी अर्ध्या वेगाने. दुसरं म्हणजे मांड्या. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, पण थोडा थोडा उतार नियमित केला की स्नायू सरावतात आणि तेवढं दुखत नाही. रेसच्या आठवड्यात मात्र जोराचा उतार टाळा.

फिटिंग घट्टच घ्या, आडव्या उतारावर पाय आतल्या आत सरकला तर नखं जातात. लेसला दुहेरी गाठ मारा, दलदल शूज ओढून घेते. वाळवताना आत वर्तमानपत्र कोंबा, हीटरवर ठेवू नका, गोंद सुटतो.

शूजवर सगळे पैसे घालवू नका, जॅकेटसाठी ठेवा. बऱ्याच रेसना टेप केलेल्या शिवणींचं, टोपी जोडलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडं खाणं जवळ लागतं, आणि ते तपासतात. साधं विंडचीटर चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, वर ढगात घाम आलेल्या अंगावर वारा लागला की किती लवकर गारठायला होतं ते एकदा अनुभवलं की कुणी वाद घालत नाही. आणि रेस मधेच सोडली तर फिनिशला जाऊन सांगायचंच, नाहीतर तुमच्यासाठी माणसं डोंगरावर शोधत फिरतील.

रेसच्या दिवशी बार्ली गावातून निघालो, वर धुकं, खाली चिखल. चढावर खूप जण पुढे गेले. उतरताना त्यातल्या बऱ्याच जणांना मी गाठलं, एकदाही पडले नाही, आणि खाली आल्यावर एवढा आनंद झाला की काय सांगू. लहान रेसची फी बहुतेक वेळा दहा पौंडांच्या आत असते, त्यामुळे एक करून बघायला हरकत नाही.

आता पुढचे दात निम्मे झिजलेत, पार्किंगपासून डोंगरापर्यंतच्या डांबरी तुकड्याने जास्त. नवीन जोडी हीच घेणार, तो तुकडा जुन्या शूजमध्ये चालत जायचा. उन्हाळ्यात जमीन कडक झाली की ५-६ मिमीचे बघेन.